शेळी आपल्याकडे बघते तेव्हा

मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून फार उत्साहाची अपेक्षा करणार नाही. ह्यांना अर्धांगाचा झटका आला त्याला आता दीडेक वर्ष झालं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकाच सकाळी गेली. पाय बऱ्यापैकी परत आला, हातही थोडाफार आला. बोलणं काही येईना. अलिबागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शब्द आत शाबूत आहेत, बाहेर येताना वाट चुकतात. चुकू द्या, पण बोलू द्या, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. सुरुवातीच्या महिन्यांत तोंड मिटून बसले तर पुढे कठीण जाईल, हेही सांगितलं.

त्या बाईंना काय ठाऊक, समोर बसलेला माणूस कोण आहे ते. चौलच्या पंचक्रोशीत ह्यांना सगळे गुरुजी म्हणतात. उभा जन्म ह्यांनी गणित शिकवण्यात घालवला. छडी फारशी हातात घेतली नाही, तशी गरजच पडायची नाही. प्रश्न विचारला की पोराने तोंड उघडायच्या आत ह्यांची भुवई वर चढायची, आणि येत असलेलं उत्तरसुद्धा त्या पोराच्या घशात अडकायचं. घरात काही वेगळं नव्हतं. एसटीची वेळ असो, चहातली साखर असो की मुलाने कुठली शाखा घ्यायची हे असो, ह्यांचंच बरोबर. ‘तुमचं चुकलं’ असं मी संसारात ह्यांना एकदाही म्हटलेलं नाही. म्हणण्यासारखं काही घडलं नाही असं नव्हे. पण ती भुवई वर गेली की मी आपली भाजी ढवळायला लागायचे. रोज उठून कोण डोकं फोडून घेणार?

दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी ह्यांनी माझ्याकडे चष्मा मागितला. म्हणजे बोट चष्म्याकडे होतं, आणि तोंडातून आलं ‘कोथिंबीर’. एरवी मला हसू आवरलं नसतं. पण त्या क्षणी ह्यांचा चेहरा असा पडला की मी मुकाट्याने चष्मा हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर ओठ मिटले ते मिटलेच. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघ मारलेला माणूस स्वतःची चूक ऐकायला तयार नव्हता.

मग आमचे दिवस सुरू झाले. सकाळी अंग पुसायचं, तेल लावायचं, पायाचा व्यायाम घ्यायचा. हाताच्या व्यायामासाठी एका सुपात वाडीतल्या सुक्या सुपाऱ्या ठेवायच्या आणि ह्यांनी त्या उजव्या हाताने उचलून दुसऱ्या सुपात टाकायच्या. टाकायचे बिचारे, पण शब्द नाही. मुलगा पुण्याहून फोनवर सांगायचा की आई, बाबांशी बोलत राहा. बोलत राहा म्हणे. चार दिवस इथे ये आणि भिंतीशी बोलून दाखव, असं जिभेवर यायचं, पण त्याची नोकरी, त्याची पोरं, त्यालाही कमी व्याप नाहीत. मी बोलत राहिले. माझाच आवाज ऐकून मला कंटाळा यायचा.

अशात शेजारची पोर आमच्याकडे यायला लागली. तिसरीतली. तिची आई नागावच्या एका कॉटेजवर पर्यटकांचा स्वयंपाक करते, ती दिवेलागणीला परतते. तोवर शाळेतून आलेली पोर आमच्याकडे. पहिल्याच दिवशी तिने दप्तर टाकलं, रिमोट घेतला आणि ह्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर फतकल मारली. तिला एक गणिताचा कार्यक्रम बघायचा होता. शाळेत गणिताच्या तासाला ही पोर तोंडातून शब्द काढत नाही, असं तिची आई मला सांगून गेली होती, म्हणून मला नवल वाटलं.

तो कार्यक्रम ह्यांना माहीत होता. आजारी पडायच्या आधी एकदा पाच मिनिटं बघून ‘गणिताचा पोरखेळ केलाय’ म्हणून ह्यांनी तो बंद केला होता. आता खुर्ची टीव्हीसमोर आणि पाय साथ देत नाही, तेव्हा पळून जायची सोय नव्हती. मला, खरं सांगते, जरा बरं वाटलं.

कार्यक्रम असा. एक मिशीवाला काका आहे, त्याची खानावळ आहे, आणि एक शेळी आहे. काकाला हिशेब म्हणून येत नाही. पण आपल्याला येत नाही हे त्याच्या गावीही नाही. मिशीला पीळ देऊन तो असा काही रुबाबात चुकतो की बघणाऱ्याला वाटावं, आपलीच शाळा चुकली. एका भागात त्याला खानावळीपुढे मांडव घालायचा असतो. एका ओळीत चार खण, म्हणजे खांबांमधले चार गाळे हवेत, म्हणून तो चारच खांब आणतो. पाहुणे जेवायला बसतात, आणि मांडवाच्या शेवटच्या टोकाला खांबच नाही, तिथून तो खाली यायला लागतो. काका मिशी पिळत म्हणतो, चार खण, चार खांब, हिशेब चोख आहे. आणि इथे सगळं थांबतं. संगीत थांबतं, पाहुण्यांचे घास हातात राहतात, आणि शेळी मान वळवून सरळ आपल्याकडे बघते.

ते थांबणं मी पुढे किती वेळा पाहिलं असेल. एकीकडे मी कपड्यांच्या घड्या घालत असे, पण कान आणि अर्धे डोळे तिकडे असायचे. आमच्या नातवंडांसाठी सुनेने मोबाईलवर असले बरेच कार्यक्रम लावून ठेवले होते. त्यांत एखादी बाहुली सुरुवातीला चुकते, मग ताई समजावून सांगते, मग सगळे टाळ्या वाजवतात. मुलं जांभया देतात. गुळात लपवलेली कडू गोळी पोरांना जिभेला लागायच्या आत कळते. ह्या कार्यक्रमात मात्र काही लपवलेलं नव्हतं. गणित काढून घेतलं तर विनोदही उरत नव्हता, कारण मांडव पडत होता तो खांब मोजायला चुकल्यामुळेच. आणि शेळी बघायला लागली की उत्तर द्यायची पाळी पोराची. कुणी घाई करत नव्हतं. एवढा मोठा मिशीवाला बाप्या चुकलाय आणि मला येतंय, ह्याचा जो आनंद त्या पोरीच्या तोंडावर फुलायचा, तो मी ह्यांच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या एकाही पोराच्या तोंडावर पाहिला नव्हता. ती गुडघ्यांवर उभी राहून ओरडायची, ‘पाच खांब लागतात वो, पाच.’ मग शेळी मान डोलवायची.

ह्यांचं तिकडे लक्ष होतं की नाही, सांगता येत नव्हतं. डोळे पडद्यावर असायचे, चेहरा दगडी.

एक दिवस तोच मांडवाचा भाग पुन्हा लागला. पोरीला तो तोंडपाठ होता, म्हणून ती शेळीची वाट बघत गप्प बसली होती. मी चहा घेऊन दारात आले होते. काकाने मिशी पिळली, संगीत थांबलं, शेळीने मान वळवली. आणि खुर्चीतून आवाज आला.

‘सात.’

घोगरा, जाड, ओळखू न येणारा. पोर पोट धरून हसली. इतक्या महिन्यांनी हा माणूस बोलला, चुकला, आणि पोर हसली. आता हे तोंड कायमचं मिटणार, असं वाटून मला पोरीचा इतका राग आला की तिला हाताला धरून घरी पोचवावं. पण ती वळली आणि ज्या सुरात रोज त्या मिशीवाल्याला सांगायची त्याच सुरात म्हणाली, ‘न्हाय वो आजोबा. परत मोजा.’

ह्यांचे कान लाल झाले. पडदा पुढे सरकला, मांडव कोसळला, तरी पोर ह्यांच्याकडेच बघत होती. तिला कसलीच घाई नव्हती. मग ह्यांनी डावा हात उचलला, एक बोट उघडलं आणि म्हणाले, ‘लाभ.’ मग दुसरं बोट, ‘दोन.’ मग तीन, चार. पाचाला जरा अडकले, पण आले.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. ह्यांचे वडील श्रीवर्धनला वाडीवर कामाला होते. तिथे नारळ मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बरकत येते अशी समजूत. आमच्याकडेही जुनी माणसं भाताची मापं तशीच मोजतात. पहिलीतलं एखादं पोर घरून ही सवय घेऊन शाळेत आलं की ह्यांची भुवई कपाळात जायची. लाभ नव्हे, एक म्हण. आणि आता शाळेचा ‘एक’ सापडत नव्हता, बापाचा ‘लाभ’ तेवढा हाताशी आला होता. पोरीला त्यात वावगं काही दिसलं नाही, कारण तिची आजीही तसंच मोजते. ‘हां, आता बरोबर हाय,’ एवढंच ती म्हणाली आणि चहाबरोबरची खारी मागायला माझ्याकडे आली.

त्यानंतर रोज दुपारी दोघांची जुगलबंदी चालायची. ह्यांचं उत्तर कधी बरोबर, बऱ्याचदा वाह्यात. एकदा लाडू किती उरले ह्याचं उत्तर ह्यांनी ‘मंगळवार’ असं दिलं आणि पोर जमिनीवर लोळली. हे चक्क हसले. डॉक्टरीणबाई खूश, मुलगा फोनवर रडला. सगळे मला म्हणाले, आता काय, सुटलात.

कसली सुटते. हे पोरीशी बोलत होते, मिशीवाल्याशी बोलत होते, शेळीशीसुद्धा बोलले असते. माझ्याशी अक्षर नाही. पोर गेली की ओठ मिटायचे. पाणी हवं असलं की माझ्याकडे बघून बोट दाखवायचे. ह्याचं मला वाईट वाटलं, आणि रागही आला. ढुंगण धुण्यापासून सगळं मी करायचं आणि शब्द मात्र परक्या पोरीला. त्यामागचं कारण मला कळत होतं. माझ्यासमोर हे कधी चुकलेच नव्हते, मग आता कसे चुकणार? कळलं म्हणून राग कमी झाला असं काही नाही.

मे महिन्यात पोर मामाच्या गावी, तळ्याला गेली. चार वाजता मी स्वतःच टीव्ही लावून पाहिला. शेळीने मान वळवली, मी ह्यांच्याकडे बघितलं, हे खिडकीबाहेर बघत होते. दोन-तीन दिवस तसंच चाललं. मग मी टीव्ही लावायचं सोडून दिलं. जेवढं आलं होतं तेवढंही जाणार, असं मी धरून चालले.

एका दुपारी घावनं केली होती, कारण भाकऱ्या थापायचं माझ्यात बळ नव्हतं. ह्यांच्या ताटात दोन वाढली, नारळाचा रस वाढला, आणि सवयीने, उत्तराची वाट न बघता, विचारलं, ‘बास का एवढी?’ मी तव्याकडे वळलेही.

‘अकरा,’ मागून आवाज आला.

मी वळले. शब्द वाट चुकून आला की ह्यांचा चेहरा पडतो, तो मला पाठ आहे. आज तो पडलेला नव्हता. उलट डावा हात वर गेला होता आणि जिथे जन्मात कधी मिशी नव्हती तिथे हे मिशीला पीळ देत होते, अगदी रुबाबात. मग हात खाली आला. हे थांबले, आणि सरळ माझ्याकडे बघायला लागले.

तव्यावरचं घावन करपायला लागलं होतं. मी ते करपू दिलं. इतक्या वर्षांत ह्यांनी मला विचारलं पुष्कळ, पण माझ्या उत्तरासाठी हा माणूस कधी असा थांबला नव्हता.

‘नाही हो,’ मी म्हटलं. ‘चुकलात तुम्ही. परत मोजा.’

ह्यांची भुवई जागची हलली नाही. ताटातल्या पहिल्या घावनावर बोट ठेवून ह्यांनी मोजायला सुरुवात केली.