तीन राजांचा पाव आणि माझी पर्स

गेल्या जानेवारीत मी शेजारणीचं बाळ पर्समध्ये लपवलं.

मुलांनो, घाबरू नका. बाळ प्लॅस्टिकचं होतं, करंगळीच्या पेरापेक्षा जरा मोठं. इथे आखातात, अल नहदा भागातल्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मारिसोल राहते. तिने मेक्सिकोतल्या तीन राजांच्या सणाला सगळ्या मजल्याला बोलावलं होतं. टेबलावर भल्यामोठ्या कड्यासारखा गोड पाव. माझ्या तुकड्यात काहीतरी कडक लागलं. बघते तर उघडंनागडं बाळ! एखाद्या पोराचं खेळणं कणकेत पडलं असणार. आता भर पाहुण्यांत यजमानीणबाईंना लाजवायचं? छे! मी ते टिश्यूत गुंडाळलं, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि चेन लावली. (वस्तू कुठेही टाकायची मला सवय नाही.)

पाव संपताच मारिसोलने टाळ्या वाजवून विचारलं, "बाळ कुणाला मिळालं?"

म्हणजे ते मुद्दाम घातलेलं होतं! आता कुठल्या तोंडाने पर्स उघडू? सगळ्यांनी बशा धुंडाळल्या आणि मग सगळ्यांच्या नजरा तुमच्या आजोबांवर थांबल्या. चार तुकडे फस्त केले होते त्यांनी, आणि चावणं म्हणजे त्यांना वेळेचा अपव्यय वाटतो.

"अहो, गिळलंत की काय?" मीच विचारलं! (कोण हा निर्लज्जपणा!)

"नाही गं... पण तू म्हणतेस तर पोटात हललं काहीतरी."

"हलेल कसं? प्लॅस्टिकचं आहे ते!"

"तुला कसं माहीत?"

"असाच अंदाज," मी छताकडे बघत म्हटलं.

"यल्ला, चला, एक्स-रे काढू!" मारिसोलचा नवरा गाडीची किल्ली घेऊन उठला. आजोबा पांढरेफटक. मी "थांबा" म्हणेपर्यंत तुमच्या सईताईने इन्शुरन्स कार्डासाठी माझी पर्स उघडलीसुद्धा.

"आजी! आर यू सीरियस?"

आजोबांचं पोट तत्क्षणी बरं झालं. मी मान खाली घातली, तर सगळे पोट धरधरून हसायला लागले. ज्याला बाळ मिळतं, त्याने फेब्रुवारीत सगळ्यांना जेवायला घालायचं, अशी त्यांची रीत. म्हणून कंजूष माणसं ते गुपचूप लपवतात म्हणे!

"आमच्याकडे लोक गालात लपवतात," मारिसोल डोळे पुसत म्हणाली, "पण चेन लावून? हे पहिल्यांदाच पाहिलं!"

आणि मी ती, जिने आयुष्यात पाहुण्याला उपाशी पाठवलं नाही! फेब्रुवारीत मी जिद्दीने हळदीच्या पानांतल्या पातोळ्या, अळूवडी, मसालेभात असा घाट घातला. बोटं चाटत मंडळी निघाली. लिफ्टपाशी एक शेजारीण दुसरीला सांगत होती, "बहुत अच्छा खिलाया आंटी ने. पकडी गयी ना, इसलिए!"