संमतीपत्रातल्या तीन ओळी

तात्यांनी मला खुर्ची दिली. बाबांना दिली नाही.

बाबा खळ्यात उभे होते. अनवाणी. चपला बेड्याबाहेर, अंगणाच्या फाटकाशी काढून ठेवलेल्या. वय अठ्ठावन्न. तात्या त्यांच्याहून लहान, तरी बाबांना ‘सोन्या’ म्हणतात. त्यांचे वडीलही तेच म्हणायचे.

“तू बस गो वर,” तात्या मला म्हणाले. “तू आता सरकारची माणूस.”

मी ओटीवरच्या खुर्चीत बसले. हे आधीच सांगून टाकते. मी बसले आणि ओढणी नीट केली.

तात्यांकडे मुंबईचे पाहुणे आले होते. आंब्याच्या पेट्यांवर लावायची नवीन लेबलं छापून आली होती, इंग्रजीत. तात्यांनी एक लेबल माझ्या हातात दिलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं. पाहुणीबाई म्हणाल्या, उच्चार किती स्वच्छ आहेत हो. तात्यांनी सांगितलं, बौद्धवाडीतली आहे, आमच्याच जागेत राहतात. बाई म्हणाल्या, सांगूनसुद्धा खरं वाटणार नाही. सगळे हसले. खळ्यात बाबाही हसले. त्यांना वाटलं माझं कौतुक चाललंय.

मग तात्यांनी माझ्या मांडीवरच्या कागदाकडे बोट केलं. तो बाबांच्या घराच्या अर्जाला जोडायचा कागद होता. जमीनमालकाचं संमतीपत्र. त्यात मालकाच्या अटींसाठी तीन ओळी मोकळ्या होत्या.

“लिही,” तात्या म्हणाले. “सदर जागेत आम्ही मालकांच्या मेहेरबानीने राहत आहोत.”

मी लिहिलं.

“सदर जागेवर माझा व माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही. मालक सांगतील तेव्हा बांधलेल्या घरासह जागा खाली करून देईन.”

माझा हात थांबला. वारस म्हणजे मी. बाबांना मी एकटीच.

त्या तीन ओळी तिथे कशा आल्या, ते आता सांगते.

आमचं घर मातीचं. आजोबांनी कातळ फोडला, डोक्यावरून माती आणून टाकली, तेव्हा तिथे घर उभं राहिलं. ग्रामपंचायतीत घर बाबांच्या नावावर आहे. पण घराखालची जमीन सातबाऱ्यावर तात्यांची. आमच्या वाडीतल्या सगळ्या घरांचं असंच. दरवर्षी मे महिन्यात घर शाकारायच्या आधी बाबा तात्यांकडे जाऊन विचारतात, “कौलं काढू काय जी?” तात्या म्हणतात, काढ. मग आधी दोन दिवस आई-बाबा तात्यांच्या बागेत राबतात आणि मगच आपल्या छपराला हात लावतात. हे कुठे लिहिलेलं नाही. विचारायचं असतं म्हणून विचारायचं. मी लहानपणापासून बघत आले. कधी काही बोलले नाही.

मी फारशी बोलतच नव्हते. बाबा शहरातल्या सिस्टरांच्या शाळेत शिपाई, म्हणून माझी फी माफ झाली. वर्गात मुली डब्याला काय आणलं ते विचारायच्या आणि मी आधीच बाजूला जाऊन बसायची. घर कुठे विचारलं तर म्हणायची, पालीच्या रस्त्याला. वाडीचं नाव घेत नव्हते. अशी बारा वर्षं काढली. इंग्रजी चांगलं झालं.

कोकण रेल्वे सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जमिनींना भाव आला होता. त्याच सुमारास राज्य सरकारने घरांसाठी एक नवीन कार्यालय काढलं. जिल्ह्यात घरं वाढावीत, साध्या माणसाला परवडावीत, म्हणून. रत्नागिरीत भाड्याच्या दोन खोल्या, चार टेबलं, एक साहेब. उद्घाटनाला भाषण झालं की आता कोणी उघड्यावर राहणार नाही. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. मला तिथे टायपिंगचं कंत्राटी काम मिळालं होतं, आणि बाबांनी शाळेत पेढे वाटले होते.

परिपत्रक इंग्रजीत आलं. साहेबांनी ते मराठीत करून अर्जाचे नमुने तयार करायचं काम मला दिलं. त्यात अट होती, ज्याचं घर त्याची जमीन हवी. मी धीर करून विचारलं, ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांचं काय? साहेब चांगले होते. म्हणाले, मालकाची संमती जोडायची. तूच एक नमुना कर.

तो मी एका दुपारी केला. मालकाचं नाव, सर्व्हे नंबर, सही. शेवटी मला वाटलं, मालकालाही काही म्हणायचं असेल. म्हणून लिहिलं, ‘मालकाच्या अटी असल्यास’. आणि खाली तीन ओळी मोकळ्या सोडल्या.

परिपत्रकात त्या नव्हत्या. कोणी सांगितल्या नव्हत्या. त्या मी सोडल्या. कौलं काढू काय, असं विचारणाऱ्या घरातली मी. मालकाला जागा ठेवायची सवय माझ्या हातातच होती.

साहेब म्हणाले, छान, सुटसुटीत. नमुना जिल्हाभर गेला.

म्हणून तात्यांच्या ओटीवर माझा हात थांबला. मी पेनाला टोपण लावलं.

“हे मी लिहिणार नाही,” मी म्हणाले.

तात्या रागावले नाहीत. ते पाहुण्यांकडे बघून हसले. “मग चिरे कशावर लावणार तुझा बापूस? आभाळात?”

“लिव बाय,” बाबा खालून म्हणाले. “तात्या सांगतायत तसा लिव.”

मी उठले. बाबांनी हात जोडले, माझ्याकडे नाही, तात्यांकडे. “शाळेत शिकली जी. तिला कळत नाय.”

मी त्यांच्यासमोरून कागद घेऊन बेड्याबाहेर आले. बाबा बऱ्याच वेळाने आले. वाडीच्या विहिरीपाशी थांबले आणि म्हणाले,

“खुर्चीवर बसलीस तवा नाय कळलं?”

मी कागदाची घडी घातली आणि चालू लागले.

सोमवारी ऑफिसात मी आलेले अर्ज काढले. याआधी मी ते फक्त नंबर घालून फायलीला लावत होते. वाचत नव्हते. आता प्रत्येकातल्या त्या तीन ओळी वाचल्या. गावं वेगळी, अक्षरं वेगळी, मजकूर जवळजवळ एकच. हक्क नाही. मेहेरबानीने राहतो. सांगतील तेव्हा उठू. काही मालकांना तेवढ्याने भागलं नव्हतं. एकाने लिहून घेतलं होतं, मुलाचं लग्न झाल्यावर वेगळी चूल मागणार नाही. एकाने, विहिरीवर पाळीबाहेर येणार नाही. बुरोंडीच्या एका बाईकडून, दारात मासळी वाळत घालणार नाही. खाली तिचा अंगठा. तिला हे कोणी वाचून तरी दाखवलं असेल का?

दुपारी मी आमच्या गावाजवळ राहणाऱ्या एका निवृत्त तलाठ्यांना फोन केला. त्यांनी सरळ सांगितलं. तीन पिढ्या राहणाऱ्याला त्या जागेवर हक्क मागता येतो. पण हक्क नाही म्हणून एकदा स्वतःच लिहून दिलं, की मालकाचा वकील तोच कागद पुढे करणार.

म्हणजे आजवर जे फक्त तोंडी होतं ते आता सहीने, साक्षीदाराने, सरकारी फायलीत. लोक घर मागायला आले होते आणि जमीन देऊन गेले होते. माझ्या नमुन्यावर.

मी साहेबांकडे गेले. सगळं एका दमात सांगितलं. घाबरले की मला असंच बोलता येतं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, हा मालकाचा आणि त्या माणसाचा खाजगी मामला. आपलं काम घरं वाढवायचं. कागद पूर्ण आहेत ना? मी म्हटलं, त्या ओळी मीच घातल्यात, काढून टाकू. ते म्हणाले, आता नमुना बदलला तर आलेले सगळे अर्ज परत करावे लागतील, वरती काय सांगू? मग थोडं थांबून, अगदी मायेने, “डोन्ट टेक इट पर्सनली.”

मला ते वाक्य पूर्ण समजलं. त्याचाच जास्त राग आला.

जागेवर येऊन मी बाबांचा अर्ज पुन्हा भरला. संमतीपत्र जोडलं नाही. त्याऐवजी आजोबांच्या नावाची जुनी मतदार यादी, बाबांचा शाळेचा दाखला, माझा जन्मदाखला. तिन्हींवर पत्ता तोच. आवक रजिस्टरला नोंद केली, शिक्का मारला. सोबत इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं, मुंबईच्या मुख्य कार्यालयाला. त्यात नमुना कोणी केला ते लिहिलं. वाडीचं नाव लिहिलं. माझंही. बारा वर्षं शिकलेल्या भाषेत मी स्वतःबद्दल खरं लिहायची ती पहिली वेळ.

साहेबांनी नोंद खोडायला सांगितली. मी खोडली नाही. महिनाअखेरीस माझं कंत्राट संपलं, ते वाढवलं नाही. मुंबईहून उत्तर आलं नाही. आमच्या वाडीतल्या चौघांनी तात्यांना लिहून दिलं. त्यांची चिऱ्याची घरं उभी राहिली. स्लॅबची, संडास असलेली. आमचं मातीचंच आहे. भिंतीला ओल येते आणि आई रात्रभर खोकते. शेजारीण म्हणते, तुझ्या इंग्रजीने तुझ्या आईसला काय दिलं? बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांना मरण्याआधी पक्कं घर हवं होतं. ते मी अडवलं. दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

तरीही मी त्या ओळी लिहिणार नाही.

तहसीलदारांकडे मी हक्काचा दावा लावलाय. ज्या घरांनी लिहून दिलं त्यांच्याकडेही जाते, ते कागद मागे घ्या म्हणून सांगते. काही जण दार लावून घेतात. बुरोंडीच्या बाईकडे दोन बस बदलून गेले. संपूर्ण कागद वाचून दाखवला. तिने खालच्या अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, माझाही हक्काचा अर्ज लिही.

लिहिला. तिथे अंगठा नाही, तिने एकेक अक्षर कोरून सही केली. तिची आणि आमची सुनावणीची तारीख एकाच आठवड्यात आहे. तात्यांचा वकील असणार. खुर्च्याही असतील. बाबा येणार नाहीत म्हणालेत. मी जाणार आहे. उभी राहीन, आणि विचारतील त्याचं उत्तर देईन: जमीन आमची आहे.