पोस्टकार्डावरचं दुसऱ्याचं नाव

नववीतून शाळा सोडून सावंतवाडीहून इतक्या लांब आलेल्या मला जळगावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसवलं ते डॉक्टरीणबाईंनी. ते उपकार मी विसरलो नाही. आणि म्हणूनच तेव्हा सदा भीती असायची, आपल्या हातून काही चुकलं तर?

मशीनमध्ये दोन फायली होत्या. एकीत पेशंट. दुसरीत, मेल्यावर ज्यांचे डोळे दवाखान्याला मिळाले ती माणसं. कोणाचा डोळा कोणाला बसवला ते नंबराने जोडलेलं. ते कुणालाही कळू द्यायचं नाही, असा शब्द बाईंनी मेलेल्यांच्या घरच्यांना दिलेला.

दोन्ही फायलींत ‘नाव’ हा रकाना होता. प्रोग्रामात नुसतं ‘नाव’ लिहिलं, की त्या घडीला जी फाईल निवडलेली असेल तिच्यातलं नाव यायचं. म्हणून शब्दाआधी फाईल सांगायची. तपासणीला बोलावणारी सात पोस्टकार्डं छापताना मी पत्त्याआधी पेशंटची फाईल सांगितली, नावाआधी सांगायची राहिली. आणि निवडलेली होती मेलेल्यांची फाईल. मी पत्ते तेवढे ताडून पाहिले नि कार्डं पेटीत टाकून आलो.

आठवड्याभराने साक्रीकडची एक म्हातारी लेकासोबत आली. कार्ड टेबलावर ठेवलं.

“भाऊ, पत्ता मना शे. हाई नाव कोनं शे?”

नाव वाचलं नि कळलं, हिला ज्याचा डोळा बसवलाय त्या मेलेल्या माणसाचं आहे ते. “मशीनची चूक, अक्का.”

“मशीन काय मनमाईन नाव काढस?” लेक हसला. “आमना बठ्ठा गावमा या नावना कोनी नही.”

अक्का हसली नाही. तिने जुन्या डोळ्यावर तळहात धरला आणि नव्या डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिली. पापणी हलेना. तो डोळा ज्याचा, त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी मी खुर्ची मागे सरकवली.

“तो तुले वळखस का?” तिने विचारलं.

मी उठून आत गेलो आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. आता हाकलणार, असंच वाटलं. त्या बाहेर आल्या, कार्ड मागितलं. अक्काने लगेच दिलं.

“ठेव बाई. मले वाचता कोठे येस? नाव ध्यानमा शे.” आणि ते नाव तिने हळूच घेतलं, शेजारी बसलेल्याला हाक मारावी तसं.

बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “अजून सहा घरं आहेत. पहिली एसटी कोणती ते बघ.”