कचेरीचा वास

मी कचेरीत कारकून होतो तेव्हाची गोष्ट. महाल भागातल्या आमच्या घरी माळ्यावर मधमाशांनी पोळं केलं होतं आणि ते काढायला एक उघडाबंब माणूस आला. धूर करायला त्याच्याजवळ भाता लावलेला डबा होता. पण डब्यात जाळायचं काय, यातच त्याने माझी सकाळ खाल्ली. मी कोट-टोपी चढवून खोळंबलो होतो.

जे दिसेल ते तो आधी हुंगायचा. गोवरी त्याने नाकाशी नेली आणि तोंड वाकडं करून ठेवली. संत्र्याची वाळलेली सालं मात्र पसंत पडली. कुण्या साहेबाच्या बंगल्यात उन्हाळ्यात खिडकीला लावून मग टाकून दिलेली वाळ्याची जुनी ताटी त्याने सोबतच आणली होती.

वैतागून मी कचेरीतली रद्दी पुढे केली. ती हुंगून तो मागेच सरला.

"हे नाही चालत गा, बाबूजी. याले कचेरीचा वास येते. माशा चिडतीन."

"धूर तो धूर! माशांना काय कळतंय?"

"आपण त्याइच्या घरात घुसून राहिलो. वास तरी चांगला नेला पायजे."

शेवटी सालं आणि वाळा पेटला. घमघमाट असा सुटला की शेजारच्या काकू प्रसादासाठी वाटी घेऊन आल्या. माशा त्याच्या उघड्या पाठीवरून निवांत फिरत होत्या. मी अंगणाच्या पार टोकाला उभा. तरी एक माशी नेमकी येऊन माझ्या नाकाला डसली.

तो खाली उतरला. माझ्या नाकाकडे न बघता त्याने माझ्या कोटाची बाही हुंगली.

"तेच म्हनलं," तो समाधानाने बोलला. "कागद नाही जाळला, तरी कचेरी आलीच."