राजीनामा देतात, करत नाहीत

सोलापूर स्टेशनात गाडी हलायच्या बेतात होती. आईने शेंगाचटणीची बरणी तिसऱ्यांदा माझ्या पिशवीत नीट बसवली, मावशीने माझ्या सहा वर्षांच्या मुलाचे गाल ओढले, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीच्या गजांतून एक लाल पेन्सिल माझ्या हातात कोंबली. अर्धी झिजलेली, ब्लेडने टोक काढलेली. उभा जन्म त्यांनी आमच्या गावच्या दैनिकात मुद्रितं तपासण्यात घालवला. त्याच दैनिकात मी अकरा वर्षं उपसंपादक होते. आता नवऱ्याची विमा कंपनीतली बदली जयपूरला झाली होती आणि मी नोकरी सोडून निघाले होते.

"अवघड शब्द कुणीही दोनदा बघतं," अण्णा म्हणाले. "ओळखीचा दोनदा बघत जा. तोच घात करतो."

मला रागच आला. मुलगी घर सोडून चाललीय आणि या माणसाला मुद्रितशोधन सुचतंय! गाडी हलली तेव्हा ते हात हलवत नव्हते, नुसते उभे होते.

तुम्ही जे सोलापुरातच राहिलात, आणि जे माझ्यासारखेच गाशा गुंडाळून कुठे कुठे गेलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तुमच्यापैकी पुष्कळांना वाटतं की मी तिकडे फार मोठं काम केलं. ते अर्धंच खरं आहे.

ही दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. विद्याधर नगरात आम्ही घर घेतलं आणि बनी पार्कमधल्या एका जुन्या बंगल्यात मला काम मिळालं. तिथे एक संस्था छोट्या गावांतल्या वार्ताहरांना आणि वृत्तपत्रांच्या व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्यायची. डाव्या खोलीत वार्ताहर, उजव्या खोलीत व्यवस्थापक. डावीकडे आम्ही शिकवायचो की बातमी कुणाच्या मर्जीवर चालत नाही. उजवीकडे जाहिरातदार कसे सांभाळावेत याचा तास चालू असायचा. चहाला दोन्ही खोल्या व्हरांड्यात एकत्र यायच्या आणि एकमेकांशी फारसं बोलायच्या नाहीत.

संस्थेच्या नावात 'शिक्षा' होतं. मी पत्ता कळवला तेव्हा अण्णा फोनवर हसत म्हणाले, "गुन्हा तरी काय केलास गं?" पहिल्याच आठवड्यात एका वार्ताहराने गृहपाठाखाली 'मैंने पूरी चेष्टा की है' असं लिहून दिलं, आणि माझी चेष्टा करतोय म्हणून मी त्याला उभं करून झापलं. त्या गरिबाने पूर्ण प्रयत्न केला होता. एका तुकडीत संतोष नावाच्या वार्ताहराची राहायची सोय मी पुरुषांच्या खोलीत केली. संध्याकाळी बॅग घेऊन दारात उभी राहिली ती तेवीस वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी. "मैडम, हमारे यहाँ संतोष लड़कियों का नाम होता है," ती हसत म्हणाली. सगळा व्हरांडा हसला. मीही हसले. त्या वेळी चुका हसण्यावारी जात होत्या.

माझा स्वतःचा एक धडा होता. पहिल्या दिवशी फळ्यावर मी एकच शब्द लिहायची: 'मतलब?' समोरचा काहीही सांगो, एकदा 'मतलब?' विचारल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही. आणि घरी मुलगा "आई, मतलब मी शाळेत..." म्हणाला की त्यालाच रागवायची. मराठीत बोल म्हणायची.

संतोषने हा धडा सगळ्यांपेक्षा मनावर घेतला. तिचं गाव जयपूरपासून तीनेक तासांवर, दगडाच्या खाणींच्या पट्ट्यात. वडील सायकलदुरुस्तीचं दुकान चालवायचे. खाणीतल्या सुरुंगांनी शाळेच्या छताला भेगा पडल्या होत्या, मुलं व्हरांड्यात बसत होती. गावाला परतल्यावर तिने ती बातमी दिली आणि ती छापूनही आली. पुढच्या तुकडीत उजव्या खोलीत तिच्याच वृत्तपत्राचा व्यवस्थापक शिकायला आला. गोड बोलणारा, पांढऱ्या बुटांचा माणूस. चहाचा कप हातात घेऊन तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "मैडम जी, आप लड़कियों को हिम्मत सिखाके भेज देते हो। गाँव में तो उन्हें हमको रहना पड़ता है।" वाक्य व्याकरणात चुकलं होतं. मी मनातल्या मनात ते दुरुस्त केलं, 'उन्हें हमारे साथ रहना पड़ता है', आणि अर्थाकडे लक्ष दिलं नाही.

महिन्याभरात कळलं की भेगांचे आणखी फोटो काढायला गेलेल्या संतोषला खाणमालकाच्या माणसांनी मारहाण केली, कॅमेरा फोडला. मी फोन केला तर म्हणाली, "ठीक हूँ, मैडम।" तिने पोलिसांत तक्रार दिली होती, खटला उभा राहिला होता, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या बंगल्यासमोर मात्र त्या आठवड्यात एक जीप दोनदा येऊन उभी राहिली. कुणी उतरलं नाही. चौकीदार म्हणाला, पत्ता चुकले असतील.

मग तिचा फोन आला. दुपारचे बारा वाजत आले होते, माझा तास चालू होता, हातात खडू, समोर वीस माणसं.

"मैडम, राजीनामे के लिए बोल रहे हैं। सब बोल रहे हैं, पापा भी। राजीनामा कर लूँ क्या?"

मला लगेच तो पांढऱ्या बुटांचा व्यवस्थापक दिसला. नोकरी सोडायला लावतोय पोरीला! माझं डोकं तापलं. "बिल्कुल मत करना," मी म्हणाले. "वो लोग यही तो चाहते हैं। डरना मत।"

"पक्का?"

"पक्का।"

तिने फोन ठेवला. मी वर्गाकडे वळले आणि, काय सांगू, मला फार बरं वाटत होतं.

चार दिवसांनी तिचे वडील दुकानातून सायकलवर जेवायला घरी जात असताना एका जीपने त्यांना उडवलं. पोलिसांनी अपघात लिहिला. त्यांना जयपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं, गुडघ्याखालून पाय कापावा लागला. मी पोचले तेव्हा संतोष वॉर्डबाहेर फरशीवर बसली होती. ती रडत नव्हती. खालच्या आवाजात तिने सगळं सांगितलं. कोर्टात राजीनाम्याचा कागद तयार होता. दोन्ही पार्ट्यांच्या सह्या झाल्या की खटला मिटला असता. वडील म्हणत होते, सही कर, आपल्याला इथेच राहायचंय. "मैंने आपका नाम लेकर मना कर दिया, मैडम।"

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. राजीनामा. तिच्याकडे कोर्टात होणाऱ्या तडजोडीला राजीनामा म्हणतात. नोकरी सोडण्याला म्हणतात इस्तीफा. इतकी वर्षं हिंदी वर्तमानपत्रं वाचत होते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण घाईत कानाने सोलापूरचा अर्थ घेतला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. तेवढ्यात तिने मला आत नेलं आणि वडिलांनी पडल्या पडल्या हात जोडले. "बेटी को आपने हिम्मत दी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर मी सगळं बोलून मोकळी झाले असते. तो नव्हता. मीही हात जोडले आणि बाहेर आले. इतकी भित्री मी आहे, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

सांगितलं ते फक्त अण्णांना, फोनवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "क्रियापद काय होतं?"

"करना. राजीनामा कर लूँ क्या, असं."

"राजीनामा देतात बाळ, करत नाहीत," अण्णा म्हणाले. "तिथेच थांबायला हवं होतंस."

नवरा म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस. अण्णा तसं म्हणाले नाहीत. घर म्हणजे काय, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, जिथे आपली चूक नेमकी कुठे झाली ते कुणीतरी बोट ठेवून दाखवतं. आता अण्णाही नाहीत.

खटल्याचं पुढे काही झालं नाही, साक्षीदार फिरले. संतोष मात्र ते गाव सोडून आई-वडिलांसह जयपूरला आली आणि पुढे मी संस्था सोडली तेव्हा माझंच काम तिने घेतलं. संस्था आता जगतपुऱ्यात आहे, काचेच्या इमारतीत. दोन महिन्यांपूर्वी तिने मला एका तुकडीच्या समारोपाला बोलावलं. फळ्यावर अजून 'मतलब?' लिहिलेलं होतं. मागच्या रांगेत बसून मी तिचा तास ऐकला. ती आपलीच गोष्ट सांगत होती: खाण, कॅमेरा, फोन. "मैंने पूछा, राजीनामा कर लूँ? मैडम ने एक सेकंड भी नहीं सोचा। कहा, बिल्कुल मत करना।" सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने ते वाक्य वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

तास संपल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली. तिच्या गावातही असंच काहीतरी चालू होतं. घरचे मागे लागले होते. "मैं भी नहीं करूँगी, मैडम," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत वाकून नमस्कार करून गेली. दारात संतोषने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्यामागे जाऊन दोन वाक्यं बोलायला मला दहा पावलं चालावी लागली असती. मी खुर्चीतून उठले नाही.

म्हणून हे लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे, कारण हिंदीत लिहायची माझी छाती नाही. माझं घर आता एवढंच उरलंय. या भाषेत मी सगळं कबूल करू शकते आणि तिला ते कळणार नाही. पण लिपी तर तीच आहे. कधी हा कागद संतोषच्या हाती पडलाच, तर ती एकेक अक्षर लावत वाचायला लागेल. मथळ्यातला पहिलाच शब्द तिच्या ओळखीचा आहे.