हळदीच्या गाण्यातली रिकामी जागा

माझ्या मित्राचं संगीत चौकोनांत राहतं. अंधेरीच्या घरी त्याने लॅपटॉप उघडला की पडद्यावर नुसते रंगीत डबे. एखादा दाबला की तेवढा तुकडा वाजायला लागतो. मी मुलुंडचा, सरळ माणूस. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं डावीकडून उजवीकडे जातं, सभ्यपणे.

"हे गाणं आहे की हाऊजी?" मी विचारायचो.

"आणि तुझं काय रे? सोसायटीचा ड्रेनेज प्लॅन?"

अशा जोडीवर त्याच्या आईने विश्वास टाकला. लेकीच्या हळदीला तिला स्वतःचं मालवणी गाणं हवंच होतं. पण "त्या गडबडीत माका गावूक जमाचा नाय, आधीच रेकॉर्ड करून ठेवा." मुलुंडला आली, एका दमात गायली. सनई-ढोलकी मी कीबोर्डवर वाजवली. ताल घालून, सगळं जुळवून शेवटचा हात फिरवणं मित्राकडे.

"प्रत्येक फाइल वेगळी पाठव. पण सगळ्या गाण्याच्या पार सुरुवातीपासून हं," तो म्हणाला.

आता आई गाते सनईनंतर, म्हणजे तिच्या फाइलच्या आरंभी नुसती शांतता. शांतता कशाला पाठवायची? मी टापटिपीचा. प्रत्येक फाइलची पुढची रिकामी जागा कापून टाकली आणि स्वतःवर खूशही झालो.

कुणी कधी सुरू व्हायचं, हे त्या रिकाम्या जागेवरच ठरत होतं; ती गेली आणि त्याच्या डब्यांत सगळं एकदम सुरू झालं. ही माझी काहीतरी थोर मांडणी असणार, असं त्याला वाटलं म्हणे. विचारलं तर अडाणी ठरू, म्हणून गप्प. तयार गाणं माझ्याकडे आलं, तेव्हा मला वाटलं, हे डब्यांचं आधुनिक प्रकरण असणार. विचारलं तर म्हातारा ठरेन. मी कळवलं, "झकास!"

हळदीला हॉलमध्ये स्पीकर लागला. आई, सनई, ढोलकी एकमेकांच्या अंगावर पडत निघाली. आईचा आवाज आधीच संपला. पुढे सनई एकटीच, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी. नवरी पिवळ्या तोंडाने भावाकडे बघत राहिली.

"ह्या काय केल्यात रे तुम्ही?" आईने विचारलं. आम्ही एकमेकांकडे बोट दाखवलं.

तिने वायर उपटली आणि हळदीच्या हातांनीच खाली बसून गायला लागली. बायकांनी सूर उचलला. नवरीचे डोळे भरले. आम्हाला टाळ्यांचं काम मिळालं. मी सरळ ठेका धरला. तो आपला मधल्याच मात्रेवर.

आईने ओळ अर्धी सोडली.

"टाळी तरी एकत्र मारा, मेल्यांनो!"