वाढलेली बांगडी

निजामाचं राज्य होतं तेव्हा वसमतला आमच्या गल्लीत दर सोमवारी बांगड्या भरणारी एक मनियारीण यायची. तिचं नाव कुणी विचारलंच नाही. ती सगळ्यांची चाची. बांगडी 'फुटली' म्हणणं अशुभ, म्हणून बायका 'वाढली' म्हणतात. चाचीच्या तोंडी मात्र मडकंसुद्धा वाढायचं! मी मुद्दाम छेडायचो, "चाची, माझं नशीब फुटलं हो!"

"वाढलं म्हणा, भाऊ," ती शांतपणे दुरुस्ती करायची.

एका वर्षी माझ्या भावजयीच्या उजव्या हातातल्या बांगड्या रोजच वाढू लागल्या. आई कडाडली, "अवलक्षणी पोरगी! आजच माहेरी धाडते." बैलगाडी दारात आली. भावजय रडून राहिली होती.

चाचीनं बांगड्यांची टोपली खाली ठेवली. "रडू नको, लेकरा. आधी मला दळून दाखव."

भावजयीनं जात्याचा खुंटा फिरवला. मनगट भिंतीवर आपटलं आणि बांगडी टचकन वाढली.

चाचीनं आनंदानं टाळी वाजवली. "आक्का, खोट पोरीत न्हाई, जागेत हाय! जातं काहून भिंतीला चिकटवलं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. दुपारी बाज टाकून लोळता यावं म्हणून जातं मीच सरकवलं होतं.

चाचीनं माझी बाज ओढत थेट उन्हात नेली आणि मला जातं पुन्हा मधे सरकवायला लावलं. "आता जागा वाढली. बराबर?"

बैलगाडी रिकामी परत गेली. बांगड्या शाबूत राहिल्या. माझी दुपारची झोप तेवढी वाढली, चाचीच्या अर्थानं.